हर्झल आणि ड्रेफस: संपादक ऐकत नसतील तर

थिओडोर हर्झल या झायोनिझमच्या (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारण्याच्या चळवळीच्या) प्रणेत्यावरच्या लेखात ‘ड्रेफस खटला पाहिला आणि तो झायोनिस्ट झाला’ हे वाक्य घालाच, असा तुमच्या संपादकांचा हट्ट आहे म्हणता. वाचून अंगावर काटा आला. एका दिवाळी अंकाच्या कार्यालयाने माझ्या लेखाचं अगदी हेच केलं होतं. नाव घेत नाही, अंक अजून निघतो.

बाझलची परिषद (१८९७ ची पहिली झायोनिस्ट परिषद) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. थेट तारखांवर येतो. देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरवलेल्या ड्रेफस या फ्रेंच ज्यू लष्करी अधिकाऱ्याची पदचिन्हं ५ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या आवारात उतरवली गेली. व्हिएन्नाच्या ‘नॉय फ्राय प्रेसे’चा वार्ताहर म्हणून हर्झलने त्याची बातमी दिली, हे खरं. पण ज्यूंच्या कोंडीवरचं ‘नवा घेट्टो’ हे नाटक त्याने १८९४ च्या नोव्हेंबरातच लिहून हातावेगळं केलं होतं. त्याच्याही आधी, १८९३ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये ज्यूंचा सामूहिक बाप्तिस्मा करून प्रश्न एकदाचा मिटवावा, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात घोळत होतं! १८९५ मध्ये तर कार्ल ल्युगरच्या उघड ज्यूद्वेष्ट्या आघाडीने हर्झलच्या व्हिएन्नाची नगरपालिकाच जिंकली. आणि त्याच्या १८९६ च्या ‘डेर युडेनश्टाट’ (ज्यूंचं राष्ट्र) या पुस्तिकेत ड्रेफसचं नावही नाही.

आता संपादक म्हणतील, हर्झलनेच तसं लिहून ठेवलंय. ठेवलंय, पण १८९९ मध्ये, प्रकरण जगभर गाजत असताना. खटल्याचा परिणाम झालाच नाही असं मी म्हणत नाही. सगळं श्रेय एका सकाळीला देऊ नका, एवढंच. (मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, जर्मनही येत नाही. इंग्रजी भाषांतरांवरून बोलतोय.)

त्या कार्यालयाने वाक्य घुसवलं, ते एकवेळ सोसलं असतं. पण प्रूफ न दाखवता त्यांनी युसुफ झिया अल-खालिदींचा परिच्छेद उडवला. फोन केला तर, “वाचकांना एवढं लागत नाही हो.” जेरुसलेमचे हे माजी महापौर. मार्च १८९९ मध्ये त्यांनी फ्रान्सचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक कान यांना पत्र लिहिलं: झायोनिझमची कल्पना तत्त्वतः न्याय्य आहे, पण इथे आधीच माणसं राहतात, देवाशपथ पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या. पत्र हर्झलकडे पोचलं. त्याचं उत्तर असं की ज्यू आले की तुमचीच भरभराट होईल, तुम्हाला घालवतंय कोण? आणि १२ जून १८९५ च्या रोजनिशीत हाच गृहस्थ लिहितो की गरीब स्थानिकांना आपल्या देशात काम नाकारून गुपचूप सीमेपार पाठवावं. हे दोन्ही शेजारी शेजारी न ठेवता लिहिलेला हर्झल म्हणजे निव्वळ आरती. माझं मत, पटलं नाही तर सोडा.

वर त्यांनी हर्झलचा कैसरसोबतचा (जर्मन सम्राटासोबतचा) तो प्रसिद्ध फोटोही छापला. ऑक्टोबर १८९८ मध्ये याफाजवळच्या मिकवे इस्रायल शेतकी शाळेच्या दारात दोघांची भेट खरंच झाली, पण मूळ फोटोत हर्झलचा जेमतेम पाय आला होता. चित्र नंतर जोडून केलंय. तुम्ही वापरलंत तर खाली तसं स्पष्ट लिहा.

रोजनिशीचे इंग्रजीत पाच खंड आहेत, १९६० चे. वेळ नसेल तर निदान १८९५ चा उन्हाळा वाचा. आणि अंतिम प्रूफ दाखवल्याशिवाय छापणार नाही, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘हो हो’ धरू नका.