‘व्याकरणशाळा’ नको, आणि ग्लॅमर कुठून आलं

प्रश्न: ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या एका मराठी परिचयात ‘तो आयर्लंडमधल्या किलकेनीच्या व्याकरणशाळेत शिकला’ असं वाचलं. ग्रामर स्कूलला हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

नाही. तरी तो हटत नाही, कारण ‘ग्रामर’ दिसलं की हात आपोआप ‘व्याकरण’ लिहितो. किलकेनीची शाळा १५३८ची, बटलर या सरदार घराण्याची. १६६०च्या दशकात त्याच घराण्यातल्या ऑर्मंडच्या ड्यूकनं ती नव्यानं उभी केली. स्विफ्ट तिथं दाखल झाला तो सहा वर्षांचा असताना, १६७३मध्ये. नाटककार काँग्रीव्ह आणि तत्त्वज्ञ बर्कलीही तिथलेच. अशा शाळेतलं ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिन, आणि पुढच्या वर्गांत ग्रीक. आपल्याकडे ‘देवः देवौ देवाः’ घोकायचे तसं तिथं ‘मेन्सा, मेन्साम, मेन्साए’. रूपं तोंडपाठ झाली की ओव्हिड, व्हर्जिल हे रोमन कवी. लॅटिनशिवाय डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पाऊल ठेवता येत नसे, म्हणून हा खटाटोप. स्विफ्ट १६८२ला तिथं पोचला.

मुळात ग्रीक ‘ग्राम्मा’ म्हणजे अक्षर, आणि ‘ग्राम्मातिके’ म्हणजे अक्षरविद्या. आपलं व्याकरण वि + आ + कृ, म्हणजे फोड करून दाखवणं. एकाची नजर लेखणीवर, दुसऱ्याची शब्दाच्या घडणीवर. दोघांना जुळे भाऊ मानायचं कारणच नाही.

पण खरी मौज पुढे आहे. ज्या गावात एखाददुसऱ्यालाच लॅटिन वाचता येतं, तिथं अक्षरविद्या आणि मंत्रविद्या यांत फरक कोण करणार? फ्रेंचांनी ‘ग्रामेर’चं ‘ग्रिम्वार’ केलं, म्हणजे जादूटोण्याची पोथी. स्कॉटिश लोकांनी ‘ग्रामर’चं केलं ‘ग्लामर’: नजरबंदी, डोळ्यांवर टाकलेली भूल. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं ते इंग्रजीत रुळवलं, आणि आज आपण नट्यांच्या संदर्भात म्हणतो ते ग्लॅमर हेच. शाळेत ज्यानं जांभया आणल्या तोच शब्द!

काही विद्वान मात्र ग्लॅमरला आइसलँडच्या नॉर्स कथांतल्या ‘ग्लाम’ नावाच्या भुताशी जोडतात. कशासाठी? र चा ल झाला, एवढ्यानं गडबडून जायचं कारण नाही. एका शब्दात दोन र आले की जीभ एक बदलून टाकते. संस्कृत ‘दरिद्र’, मराठी ‘दळिद्र’: पहिल्या र चा ळ, दुसरा जागेवर. ‘ग्रामर’ ते ‘ग्लामर’मध्ये नेमकं हेच घडलंय. ‘रलयोरभेदः’, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, हे आपल्या पंडितांना केव्हाच ठाऊक होतं. भूत शोधायला आइसलँडपर्यंत जाण्याआधी त्या विद्वानांनी आपली जीभ तपासावी.

हां, प्रतिशब्द. जुन्या काळाविषयी लिहिताना ‘लॅटिन शाळा’ लिहा. काही कोश ‘माध्यमिक शाळा’ देतात, पण ते सरधोपट झालं. त्यानं लॅटिन गळतं आणि अमेरिकेत तर चुकतंच, तिथं ग्रामर स्कूल म्हणजे प्राथमिक शाळा. शाळेच्या नावातच तो शब्द असेल तर हात लावू नका: बँडन ग्रामर स्कूल (१६४१), द्रोहेडा ग्रामर स्कूल (१६६९). आणि सीमा पाहून लिहा. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तो आता जुन्या नावांपुरता उरलाय. उत्तर आयर्लंडमध्ये १९४७च्या कायद्यानंतर ग्रामर स्कूल म्हणजे अकराव्या वर्षीच्या परीक्षेतून निवडून मुलं घेणारी शाळा. तिथली सरकारी परीक्षा २००८ला थांबली, पण निवड थांबली नाही. पहिल्या जेम्स राजाच्या १६०८च्या हुकमातून निघालेल्या शाळांपैकी तिथल्याच एनिस्किलन गावची पोर्टोरा, लेखक ऑस्कर वाइल्ड आणि बेकेट यांची शाळा, २०१६मध्ये दुसऱ्या एका शाळेशी एकत्र झाली. नव्या शाळेचं नाव काय ठेवलं? एनिस्किलन रॉयल ग्रामर स्कूल.