नाव पोहोचते, मजकूर पोहोचत नाही

प्रश्न : आमचे खानापूर येथे डीटीपीचे लहानसे केंद्र आहे. लग्नपत्रिका आणि यात्रांच्या पत्रकांची पाने पीडीएफ करून आम्ही बेळगावच्या एका छापखान्याच्या सर्व्हरवर एफटीपीने (इंटरनेटवरून फाइल पाठविण्याची एक पद्धत) पाठवितो. नवी फायबर जोडणी घेतल्यापासून लॉगिन होते, सर्व्हरवर फाइलचे नावही दिसते, परंतु तिचा आकार शून्य बाइट असतो. पासवर्ड बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पासवर्डचा विचार सोडून द्या. लॉगिन झाले आणि नाव उमटले, म्हणजे तुमचे खाते आणि त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी दोन्ही ठीक आहेत. एफटीपीत आज्ञा सहसा पोर्ट 21 वरून (पोर्ट म्हणजे संगणकावरील जोडणीचे क्रमांक दिलेले दार) जातात, पण मजकुरासाठी दर वेळी दुसरी, स्वतंत्र जोडणी उघडावी लागते. बरेच सर्व्हर आधी रिकामी फाइल तयार करून ठेवतात; दुसरी जोडणी जुळली नाही, तर ती तशीच पडून राहते.

अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत ही जोडणी सर्व्हर तुमच्या संगणकाकडे उघडू पाहतो आणि राउटर किंवा फायरवॉल ती सहसा अडवितो. इंटरनेट बदलल्यावरच अडचण सुरू झाली, म्हणून माझा पहिला संशय येथेच आहे. फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये पॅसिव्ह पद्धत निवडा. मग दोन्ही जोडण्या तुमच्याच बाजूने सुरू होतील.

तरीही फाइल रिकामीच गेली, तर पुन्हा पुन्हा पाठवीत न बसता लॉग, म्हणजे प्रोग्रॅममध्ये दिसणारी सर्व्हरशी झालेल्या संवादाची नोंद, वाचा. 227 ने सुरू होणाऱ्या ओळीत सहा आकडे असतात : पहिले चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता, आणि पाचव्याला 256 ने गुणून त्यात सहावा मिळविला की पोर्ट निघतो. शेवटचे दोन 195 आणि 80 असतील, तर पोर्ट 50000. पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तर सर्व्हर छापखान्याच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता सांगत आहे, जेथे खानापुरातून पोहोचता येणार नाही. काही प्रोग्रॅम हा पत्ता आपणहून दुरुस्त करतात, परंतु खरा उपाय छापखान्याकडे आहे : सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता भरणे आणि पॅसिव्हसाठी ठरविलेले पोर्ट फायरवॉलमध्ये मोकळे करणे. लॉगची ती ओळ त्यांना जशीच्या तशी पाठवा.

लॉगमध्ये 425 दिसल्यास दुसरी जोडणी उघडली नाही, 452 किंवा 552 दिसल्यास सर्व्हरवर जागा उरलेली नाही. पीडीएफ नेहमी बायनरी पद्धतीनेच, म्हणजे फाइलमध्ये काहीही बदल न होता, पाठवावी.

226, म्हणजे पाठवणी पूर्ण झाल्याचा सर्व्हरचा निरोप, आल्यावरही दोन्हीकडचे आकार ताडून पाहा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने पाठवून आकार जुळल्यावरच खरे नाव द्यावे, म्हणजे अर्धवट पान छपाईला जाणार नाही.