वाचकांचे प्रश्न : आर-२२ गॅसच्या जुन्या एसीचे काय करावे?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचे लहान रुग्णालय आहे. २०११ च्या सुमारास बसवलेले दीड टनाचे सहा स्प्लिट एसी अजून वापरात आहेत आणि सर्वांच्या पाटीवर आर-२२ असे लिहिलेले आहे. त्यांपैकी एकात दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. तळमजल्यावरील एकाचे आउटडोअर युनिट २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले होते. यंदा एका मेकॅनिकने सांगितले की या गॅसवर बंदी आली असून सर्व एसी बदलावे लागतील. दुसरा म्हणतो की याच मशीनमध्ये तो ‘नवा गॅस’ भरून देईल. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचेही सांगणे जसेच्या तसे स्वीकारू नये. आर-२२ वर चालणारा एसी जवळ ठेवणे, वापरणे किंवा दुरुस्त करून घेणे यावर भारतात बंदी नाही. हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, हे मात्र खरे आहे. आर-२२ च्या रेणूमध्ये क्लोरीन असतो आणि तो वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचल्यावर ओझोनचा नाश करतो. पूर्वी वापरल्या जाणाऱ्या आर-११ या शीतक वायूच्या तुलनेत त्याची ही क्षमता साधारण साडेपाच टक्केच आहे, म्हणूनच ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर प्रथम अधिक घातक वायू हटवले गेले आणि आर-२२ ला मुदत मिळाली. विकसनशील देशांसाठी ठरलेल्या वेळापत्रकानुसार आर-२२ ज्या एचसीएफसी गटात मोडतो त्यातील वायूंचा वापर २०१३ मध्ये गोठवण्यात आला आणि मूळ पातळीच्या तुलनेत तो २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के व २०२५ मध्ये ६७.५ टक्के कमी करायचा होता. २०३० मध्ये तो पूर्ण थांबवायचा आहे. त्यानंतर २०४० पर्यंत केवळ जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी वर्षाला सरासरी मूळ पातळीच्या अडीच टक्के एवढीच सवलत राहील. भारतात नवी उपकरणे तयार करताना हे वायू वापरणे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत थांबले. आपल्या रुग्णालयापुरता याचा अर्थ असा की गॅस आज मिळतो आणि पुढची काही वर्षे मिळेल, पण तो दुर्मिळ व महाग होत जाईल आणि त्याच्या नावावर भेसळीचा माल विकला जाण्याची शक्यता वाढत जाईल.

तेव्हा गॅस कोणता आहे यापेक्षा तो मशीनमधून बाहेर जातो आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एसीतील शीतक वायू इंधनासारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, आणि नळ्या शाबूत असतील तर पंधरा वर्षांनंतरही त्यात एक ग्रॅम भर घालावी लागत नाही. आपले जे मशीन दर उन्हाळ्यात गॅस मागते, त्याला गळती आहे आणि ती आजवर कोणी शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. या वार्षिक भरण्याला ‘सर्व्हिसिंग’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती थांबली पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते. एक किलो आर-२२ हवेत सोडल्याने शंभर वर्षांच्या हिशेबात जवळपास पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णतावाढ होते. साडेसातशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ओझोनचे नुकसान आणखी वेगळे. हे सारे नळ्यांच्या जोडावरील एका सैल फ्लेअर नटमुळे होत असेल, तर त्यासारखी टाळता येण्याजोगी हानी दुसरी नाही.

आता ‘नव्या गॅस’विषयी. मेकॅनिकने गॅसचे नाव न सांगता केवळ ‘नवा’ म्हटले असेल, तर त्याला क्रमांक विचारावा. तो आर-४१०ए किंवा आर-३२ म्हणाला, तर काम करू देऊ नये. या दोन्हींचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. आपला कॉम्प्रेसर, कॉइल (नळ्यांची जाळी) आणि कॅपिलरी (गॅसचा प्रवाह रोखून धरणारी बारीक नळी) त्या दाबासाठी बनवलेली नाहीत. शिवाय आर-२२ च्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते आणि हे गॅस त्या तेलात मिसळत नाहीत, त्यामुळे बाहेर गेलेले तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो कोरडा पडून जळतो. तो आर-४०७सी म्हणाला, तर दाबाची अडचण फारशी राहत नाही, मात्र तेल काढून सिंथेटिक तेल घालावे लागते, ड्रायर (गॅसमधील ओलावा शोषणारी गाळणी) बदलावा लागतो आणि गॅस द्रवरूपातच भरावा लागतो, कारण तो तीन वायूंचे मिश्रण आहे आणि वाफेच्या रूपात भरल्यास मिश्रणाचे प्रमाण बिघडते. एवढे करून ओझोनची हानी टळते, पण हवामानावरील परिणाम आर-२२ इतकाच राहतो. मोठ्या सभागृहाचे डक्टेबल (पत्र्याच्या नळांतून थंड हवा पुरवणारे) युनिट असेल आणि त्याचा कॉम्प्रेसर तसाही बदलायचा असेल, तर हा खर्च समजण्याजोगा आहे. दीड टनाच्या चौदा वर्षांच्या स्प्लिटवर तो करू नये.

सर्वांत जपून राहावे ते ‘हायड्रोकार्बन गॅस’ म्हणून दिल्या जाणाऱ्या आर-२९० पासून. हा प्रोपेन आहे. त्याचा दाब आर-२२ च्या जवळपास असल्यामुळे तो जुन्या मशीनमध्ये चालतो, थंडावाही चांगला देतो, आणि म्हणूनच त्याचा मोह होतो. हवेत साधारण दोन टक्के प्रमाण झाले की तो पेट घेऊ शकतो. याच वायूसाठी मुळापासून तयार केलेले एसी आपल्या देशात दशकाहून अधिक काळ विकले जात आहेत आणि ते चांगले आहेत, कारण त्यांत गॅसचे प्रमाण मर्यादित ठेवलेले असते आणि ठिणगी पडू शकेल अशा विद्युत भागांची वेगळी रचना केलेली असते. आपल्या जुन्या मशीनमध्ये यांपैकी काहीही नाही. जेथे रुग्ण झोपलेले असतात आणि ऑक्सिजनची सोय असते अशा इमारतीत हा प्रयोग कोणत्याही खर्चाच्या बचतीसाठी करू नये.

मग योग्य मार्ग कोणता? आर-२२ च्या मशीनमध्ये आर-२२ च भरावा, पण आधी गळती शोधून बंद करून. त्यासाठी कोरड्या नायट्रोजनचा दाब, मशीनच्या पाटीवरील मर्यादेच्या आत, नळ्यांमध्ये देऊन तो काही तास टिकतो का ते पाहतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगच्या नळकांड्यातील ऑक्सिजन वापरणारा माणूस दिसला तर काम तत्काळ थांबवावे. ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, आणि अशा कामात माणसे दगावलेली आहेत. गळती बहुधा फ्लेअर नटवर, सर्व्हिस व्हॉल्व्हवर किंवा इनडोअर कॉइलच्या वळणांवर सापडते. पहिल्या दोन ठिकाणची दुरुस्ती सोपी व टिकाऊ असते. कॉइलच्या आत अनेक ठिकाणी सूक्ष्म छिद्रे पडली असतील, तर एक बंद केले की दुसरे उघडते. तेथे ते मशीन सोडून द्यावे. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा पूर्ण काढला पाहिजे. अनेक जण पंप न आणता थोडा गॅस सोडून त्याबरोबर हवा बाहेर ढकलतात. त्यात गॅस वाया जातो आणि ओलावा आतच राहतो. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून, पाटीवर लिहिला असेल तेवढाच भरावा. केवळ दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा पाहून ‘बरोबर झाले’ म्हणणे पुरेसे नाही. मेकॅनिकजवळ नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा या तीन वस्तू आहेत का, एवढे विचारले तरी योग्य माणूस निवडण्याचे बरेचसे काम होते.

आपल्या सहा मशीनचा विचार मी असा करीन. पुरात बुडालेले युनिट प्रथम निवृत्त करावे. गढूळ पाण्याने मोटर, टर्मिनल आणि कॅपॅसिटरच्या जोडांवर जो गंज चढतो तो धुतल्याने पूर्ण जात नाही, आणि रुग्णालयात विजेच्या बाबतीत शंका ठेवून चालत नाही. गळणाऱ्या मशीनची तपासणी करून, दोष जोडावर असेल तर दुरुस्त करावे, कॉइलमध्ये असेल तर तेही काढावे. उरलेली चार मशीन निर्दोष असतील तर केवळ गॅसच्या नावावरून ती फेकू नयेत. मात्र ती कोठे बसवलेली आहेत हे पाहावे. औषधांच्या खोलीतील एसी भर उन्हाळ्यात बंद पडला तर नुकसान मोठे असते, म्हणून नवे मशीन आधी तेथे बसवावे आणि तेथील जुने चांगले मशीन कमी महत्त्वाच्या खोलीत हलवावे.

विजेचा हिशेबही याच वेळी करावा. जुने दीड टनाचे मशीन तासाला दीड युनिट आणि नवे पाच तारांकित इन्व्हर्टर मशीन सरासरी नऊ दशांश युनिट घेते असे धरले, तर तासाला सहा दशांश युनिट वाचते. बाह्यरुग्ण विभागात ते वर्षाला २४०० तास चालत असेल तर १४४० युनिट वाचतात आणि नव्या मशीनची किंमत काही वर्षांत भरून निघते. महिन्यातून चार दिवस उघडणाऱ्या खोलीत तसे होणार नाही. तेथे जुनेच राहू द्यावे. नव्या एसीच्या लेबलवर दिलेला वार्षिक वापर १६०० तासांसाठी असतो, म्हणून आपल्या तासांच्या प्रमाणात तो आकडा बदलून घ्यावा.

आता एक गोष्ट, जी आपल्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. निवृत्त होणाऱ्या मशीनमधील आर-२२ हा आपल्याच उरलेल्या मशीनचा साठा आहे. एसीतील गॅस ओढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनने तो वेगळ्या, केवळ आर-२२ साठी राखलेल्या आणि पुन्हा भरण्यायोग्य सिलिंडरमध्ये काढून घेता येतो; सिलिंडर ८० टक्क्यांहून अधिक भरू नये, आणि दुकानातून आलेल्या एकदाच वापरायच्या हलक्या डब्यात तर मुळीच भरू नये. असा गॅस ड्रायरमधून गाळून आपल्याच दुसऱ्या मशीनमध्ये वापरता येतो. कॉम्प्रेसर जळालेल्या मशीनचा गॅस मात्र आम्लयुक्त झालेला असतो, तो चांगल्या गॅसमध्ये मिसळू नये. रिकव्हरी मशीन प्रत्येकाजवळ नसते हे खरे, पण सांगली-मिरजेत मोठी वातानुकूलन कामे घेणाऱ्या कंत्राटदारांकडे चौकशी करावी आणि गॅस काढायचे आणि भरायचे अशा दोन्ही मशीनचे काम एकाच दिवशी ठेवावे. गॅस काढल्याशिवाय मशीन भंगारवाल्याच्या हाती देऊ नये, कारण तो तांब्यासाठी नळी कापतो आणि सगळा गॅस त्या क्षणी हवेत जातो. रिकामे झालेले मशीन ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावे. एसी २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात.

प्रश्न : घरासाठी जुन्या बाजारात आर-२२ चा एसी फार कमी किमतीत मिळतो आहे. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घेऊ नये. स्वतःजवळ असलेले निर्दोष मशीन चालवत राहणे आणि गॅस मिळेनासा होत असताना दुसऱ्याचे अज्ञात इतिहासाचे मशीन विकत घेणे, यांत मोठा फरक आहे. मशीन काढताना गॅस आउटडोअर युनिटमध्ये साठवून व्हॉल्व्ह बंद केले होते की नळ्या तशाच सोडल्या होत्या, हे विक्रेता सांगू शकणार नाही. दुसऱ्या प्रकारात गॅस तर गेलेलाच असतो, वर तेलात ओलावा शिरलेला असतो. साताऱ्याच्या हवेत आपल्याला एसी वर्षातून दोन-अडीच महिनेच लागणार असेल, तर तीन तारांकित नवे मशीनही पुरेसे होईल.

प्रश्न : तासगावजवळ आमचे बेदाण्याचे शेड आहे. शेडला लागून असलेल्या कार्यालयातील एसीची इनडोअर कॉइल दोनदा गळाली. मेकॅनिक आर-२२ ला दोष देतो आणि आर-३२ चा एसी घ्यायला सांगतो. त्याने प्रश्न सुटेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : गॅस बदलल्याने सुटणार नाही. आपण पत्रात लिहिलेले नाही, पण बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देत असाल, तर कारण तेथे शोधावे. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. इनडोअर कॉइल चालू असताना नेहमी ओली असते आणि त्या ओलाव्यात हा वायू विरघळून आम्ल बनते. ते तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दोन्ही खाते. आर-३२ च्या मशीनची कॉइलही याच धातूंची असते, त्यामुळे ती त्याच वेगाने खराब होईल, आणि आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने बंद खोलीतील गळती अधिक काळजीची ठरेल.

नवे मशीन घेण्यापूर्वी कार्यालय आणि धुरीची जागा यांमधील दार, खिडकी व भिंतीतील फटी बंद कराव्यात, धुरी चालू असताना एसी बंद ठेवावा आणि आउटडोअर युनिट धुराच्या विरुद्ध बाजूस हलवावे. हंगामात दर पंधरा दिवसांनी मशीनचा वीजपुरवठा तोडून कॉइल स्वच्छ पाण्याने धुवावी. आम्लयुक्त क्लीनर वापरू नये. खरेदी करताना तांब्याच्या कॉइलवर गंजरोधक लेप दिलेले मॉडेल मागावे. सध्याच्या मशीनचा कॉम्प्रेसर चांगला असला तरी तिसऱ्यांदा कॉइल जोडण्यात पैसे घालू नयेत, त्यातील आर-२२ काढून घेऊन मगच ते मोडीत द्यावे.