खोताच्या ओटीवरची काकडी

प्रश्न : २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि जून १९५१ मध्ये तिला पहिली दुरुस्तीसुद्धा! तोवर सार्वत्रिक निवडणूकही झाली नव्हती. एवढी घाई कशाची? दुसरं, आजोबांच्या ट्रंकेत 'खोती नष्ट' असा शेरा असलेला जमिनीच्या नोंदीचा जुना फेरफार सापडला. त्याचा याच्याशी काही संबंध?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : संबंध आहे, आणि थेट आहे. खोत म्हणजे कोकणात सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वतनदार, कूळ म्हणजे त्याच्या ताब्यातली जमीन कसणारा. ज्या कायद्याने तो शेरा पडला, तो घटनेच्या नवव्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर बसलाय.

घटनेने मालमत्तेचा हक्क मूलभूत म्हणून दिला, आणि त्याच सुमारास राज्याराज्यांतली सरकारं जमीनदारी मोडायला निघाली. जमीनदार तीच घटना हातात घेऊन कोर्टात गेले. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने समानतेच्या कलमावर बोट ठेवून बिहारचा कायदा रद्द केला. दिल्लीची झोप उडाली. मग पहिल्या दुरुस्तीने घटनेला नववी अनुसूची जोडून त्यात १३ कायदे ठेवले : मूलभूत हक्कांचं नाव सांगून कोर्टाने यांना हात लावायचा नाही. पहिला बिहारचा, दुसरा आपला १९४८ चा कूळकायदा, सहावा १९५० चा खोती नष्ट करणारा.

खोती मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. आमचं घर देवगडकडचं, कुळाचं. वेलावरची पहिली काकडी खोताच्या ओटीवर, मगच घरात विळी काढायची. कायदा झाल्यावरही आजी कितीतरी वर्षं काकडी पोचवत होती. वडील चिडले की म्हणायची, "कायदो तुमचो, वेल माजो."

बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९३७ लाच मांडलं होतं. त्याआधी, १९३३ पासून, अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी संप करून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या होत्या. कुळाच्या पडवीत बसून 'घाई' म्हणून बघा, लोक हसतील.

पण तुमची शंका झटकणार नाही. त्याच दुरुस्तीत बोलण्याच्या स्वातंत्र्यालाही कात्री लागली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये उठवली. सरकारने त्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे नवं कारण घटनेतच घालून घेतलं. 'निर्बंध'च्या आधी 'वाजवी' हा शब्दसुद्धा दुरुस्तीच्या मूळ मसुद्यात नव्हता, तो मसुदा तपासणाऱ्या संसदेच्या प्रवर समितीत आला. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी कडाडून विरोध केला होता. कुळांच्या गाडीत हे बोचकं कशाला टाकलं, मला अजून पटलेलं नाही. (राखीव जागांचं कलम १५(४) यातलंच, त्यावर कुणी वेगळं विचारलं तर लिहीन.)

आता एक करा. त्या फेरफारात आजोबांचं नाव कूळ म्हणून आहे की खोत म्हणून, तेवढं बघून कळवा. पुढचं त्यावर ठरेल.