घरच्या साध्या वापराला खरंच फास्ट प्रोसेसर लागतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की लॅपटॉप इंटेलच्या सातव्या जनरेशनच्या (म्हणजे पिढीच्या) आय५ प्रोसेसरचा आहे, ८ जीबी रॅम, हार्डडिस्कवाला, सारखा हँग होतो, काम म्हणजे बँकेचे व्यवहार, यूट्यूब, मुलीचा अभ्यास, थोडंफार एक्सेल, आणि ठाण्यातल्या गोखले रोडवरचा दुकानवाला म्हणतोय आता आय७ घ्या. माझं मत विचाराल तर आत्ता नका घेऊ, आणि आय७ तर अजिबातच नको.

मी ऐरोलीला आयटीत आहे, त्यामुळे नातेवाईकांचे आणि सोसायटीचे सगळे आजारी कॉम्प्युटर माझ्याकडेच येतात (प्रिंटरपण येतात, का ते देव जाणे).

आधी एक करा. लॅपटॉप अडकला की तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बहुतेक सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) २०-३० टक्क्यांवर निवांत दिसेल आणि डिस्क १०० वर टेकलेली असेल. हार्डडिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये सहसा मिनिटाला ५४०० वेळा, आणि एकेक बारीक फाईल शोधायला तिला १० मिलिसेकंद तरी लागतात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३ कोटी ठोके पडून गेलेले असतात आणि तो नुसता वाट बघत बसलेला असतो, आणि विंडोज चालू होताना अशा फाईली ढिगाने उघडाव्या लागतात. तीन हात नाक्याला सिग्नलवर गाडी उभी आहे आणि तुम्ही इंजिन बदलायला निघालाय, असला प्रकार. एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. रॅमचंही (चालू कामाची तात्पुरती जागा) तसंच, क्रोममध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवले की ८ जीबी भरते आणि विंडोज उरलेलं डिस्कवर टाकायला लागतो, मग हार्डडिस्क असेल तर संपलंच.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात तिसऱ्या जनरेशनचा आय३ आहे, त्याला फक्त एसएसडी टाकली, मेंटेनन्सची बिलं अजून त्यावरच निघतात.

आणि ‘फास्ट’ म्हणजे तरी काय हो? इंटेलचा जुना पेंटियम ४ प्रोसेसर २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. त्याच्या पुढे चिप इतकी तापायला लागली की कंपन्यांनी वेग वाढवायचा नाद कमी करून कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे वेगवेगळे भाग, वाढवायला घेतले. आता बँकेची साइट उघडताना त्यातलं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, बाकीचे कोअर बसून असतात. आय५, आय७ ही तर नुसती पाटी आहे, जनरेशन बघितल्याशिवाय तिला काही अर्थ नाही. लॅपटॉपमधल्या आय७-७५००यू मध्ये २ कोअर होते आणि पुढच्याच जनरेशनच्या आय५-८२५०यू मध्ये ४! दुकानात हे कोणी सांगत नाही.

तुमच्या केसमध्ये खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तुमचा लॅपटॉप थोडक्यात हुकला, वेगामुळे नाही, नियमामुळे. आणि बँकेचं काम करता म्हणून सिक्युरिटी अपडेट नाहीत हे मी हलक्यात घेणार नाही. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव अपडेटची नोंदणी आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तोवर एसएसडी टाकून चालवा, किंवा कोणी बसवून देणारं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका, ब्राउझर तिथेही तोच.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, मोठं कोडिंग करत असाल तर वरचं सगळं विसरा, तिथे प्रोसेसर लागतोच. आणि हो, मे महिन्यात पंखा घरघरत असेल तर आधी धूळ साफ करून प्रोसेसरवरची उष्णता काढणारी पेस्ट बदलून घ्या, तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, घोडबंदरच्या बाजूला राहत असाल तर धुळीचं वेगळं सांगायला नको.

पुढे नवा घ्याल तेव्हा अलीकडचा आय३ किंवा एएमडी कंपनीचा रायझन ३ पण पुरेल, वाचलेले पैसे १६ जीबी रॅममध्ये घाला. फक्त रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली (म्हणजे नंतर न बदलता येणारी) आहे की स्लॉट मोकळा आहे ते बिल करायच्या आधी विचारा, दुकानवाला उडवाउडवी करायला लागला तर तिथेच उभं राहून मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.