आमरसाच्या रंगाची गाडी

प्रिय पोरी,

तुझे सातही फोटो पाहिले. सहा त्या जुन्या डॉज चॅलेंजर गाडीचे आणि सातवा तुझा, बॉनेटवर हात ठेवलेला. त्या सातव्या फोटोवरून कळलं की 'काका, घेऊ का?' हा प्रश्न सल्ल्यासाठी नाहीच. इचलकरंजीला आईशी बोलताना "काका हो म्हणाले" एवढं वाक्य तुला हवंय. देतो. पण काका कशाला हो म्हणाले आणि कशाला नाही, ते तिला सगळं वाचून दाखवायचं.

आधी रंगाबद्दल. 'गो मँगो' हा रंग डॉजनं १९७० च्या चॅलेंजरला दिला होता, आणि २०१६ साली तोच रंग पुन्हा बाहेर काढला. इथले अमेरिकन लोक त्याला नारिंगी म्हणतात. तू फोनवर पहिल्या झटक्यात "आमरस" म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी आता माघारी फिरत नाही. २०१७ चं मॉडेल, आर/टी प्रकार, ५.७ लिटरचं आठ सिलेंडरचं हेमी इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. निवडीत खोट नाही.

तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलानं ऐकवलं ना, की ही गाडी म्हणजे जुन्याचं सोंग, खरी मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन, ती सत्तर सालची? त्याचं निम्मं बरोबर आहे. हा सगळा प्रकार सुरू झाला तोच मुळी एका पळवाटेतून. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. त्यांच्याच घरातल्या पॉन्टियाकवाल्यांनी १९६४ साली ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन आपल्या टेम्पेस्ट गाडीत बसवलं आणि नवं मॉडेल न म्हणता 'जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज' म्हणून विकलं. तेच जीटीओ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. चॅलेंजर उशिरा, १९६९ च्या शरदात, सत्तरचं मॉडेल म्हणून. (ती मसल कार नव्हे, पोनी कार, म्हणजे मस्टँगच्या जातीची, असं सांगणारे शहाणे तुला भेटतील. त्यांना चहा पाज आणि सोडून दे.) मग धुराचे कायदे आले, तरुण पोरांच्या विम्याचे हप्ते आभाळाला टेकले, १९७३ मध्ये अरबांनी तेल अडवलं, आणि १९७४ मध्ये चॅलेंजर बंद. पुढे तेच नाव मित्सुबिशीनं बनवलेल्या एका लहान गाडीला चिकटवून काही वर्षं विकलं. सोंगच म्हणायचं असेल तर त्याला म्हण.

२००८ मध्ये ती परत आली. मस्टँगनं २००५ मध्येच जुना चेहरा परत घेतला होता आणि शेव्हरोलेची कॅमेरो मागून २०१० ची म्हणून आली. आता गंमत बघ. ही नवी 'अमेरिकन' चॅलेंजर बनायची कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये, जिथं रस्त्यावर इंग्रजीबरोबर पंजाबीही सर्रास ऐकू येते. तिची आखणी सुरू होती तेव्हा डॉजची मालक क्रायस्लर मर्सिडीजवाल्या डाइम्लरच्या घरात नांदत होती, म्हणून सस्पेन्शनची घडण मर्सिडीजवरून घेतलेली. आणि जुनीशेजारी नवी उभी केलीस तर नवी सहा इंचांहून थोडी जास्तच लांब निघते. लहानपणी बघितलेला वाडा आठवणीत मोठा होतो, तसंच काहीतरी झालंय. तुझी गाडी जरा वेगळी: २०१५ पासून तिचं नाक आणि मागचे दिवे ७१ सालच्या गाडीवर बेतलेत, माझ्या २००९ च्या गाडीचे सत्तरवर. एवढा फरक आपल्यासारख्या रिकामटेकड्यांनाच दिसतो.

त्या मुलाला एकदा खरी चालवायला सांग. माझ्या शेजाऱ्याकडे सत्तरची आहे, ३१८ घन इंचांची, साधी. त्यानं एकदा किल्ली दिली. स्टिअरिंग चार बोटं फिरवल्यावर चाकांना निरोप पोचतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागं बैलगाडीच्या नात्यातले पाटे. सिग्नलला थांबायचं तर मागच्या चौकातच ठरवावं लागतं. मी आयुष्यभर गाड्यांची रबरी बुशं, म्हणजे सांध्यांतले धक्के झेलणारे तुकडे, बनवली, त्यामुळे मला खाली काय चाललंय ते ऐकू येत होतं, आणि ते न ऐकलेलं बरं. शेजाऱ्याचा जीव त्या गाडीवर आहे, कारण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. तू आणि मी चौदाव्या वर्षी एसटीच्या खिडकीत रुमाल टाकत होतो. त्याची आठवण आपल्याला विकत मिळणार नाही, आणि मिळाली तरी दर महिन्याला कार्ब्युरेटर उघडत बसायला तुला वेळ कुठाय? तुझ्या गाडीत एबीएस आहे, एअरबॅगा आहेत, आणि जानेवारीतल्या सकाळीसुद्धा बटण दाबलं की ती चालू होते. पुन्हा जन्माला आलेल्या गाडीचा पहिला मोह हाच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा मोह आवाजाचा. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. गावाकडे नदीकाठी ऑइल इंजिनची भकभक चालायची आणि इंजिन लांबून ऐकूनच ते सांगायचे की कोणाच्या मळ्यात पाणी सुरू आहे. हेमी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आठवले. तू इंजिनिअर आहेस, तर कारणही ऐक. आठ सिलेंडर एकूण सारख्या अंतरानं पेटतात, पण क्रँकच्या काटकोनी घडणीमुळे एका बाजूच्या चारांचे स्फोट मागेपुढे होतात. कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये खंड. लेझीमच्या पथकात एक जण अर्धी मात्रा चुकतो आणि त्यानंच रंग भरतो, तसा तो ताल. डॉजच्याच 'चार्जर' नावाच्या, आता निघालेल्या विजेवरच्या गाडीत आवाज काढायला वेगळी यंत्रणा बसवलीय. ती गाडी वेगानं तुझ्या गाडीला मागे टाकेल. पण मुद्दाम काढलेला आवाज म्हणजे बँडवाल्यांनी वाजवलेली तुतारी, माझं तरी मन रमत नाही.

तिसरा मोह मला घेताना माहीत नव्हता, आणि तुला सांगायचंय ते खरं म्हणजे हेच. मी १९९३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या या गावात आलो. २०११ मध्ये ही गाडी घेतली, दोन वर्षं वापरलेली. मधल्या अठरा वर्षांत अनोळखी माणसानं आपणहून माझ्याशी बोलावं असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातले निम्मे 'तुम्ही मूळचे कुठले' यावर संपायचे. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पेट्रोल भरताना साठीतला एक माणूस आला. काही न बोलता त्यानं दार आणि फेंडर यांच्यामधल्या फटीवरून अंगठा वरून खालपर्यंत फिरवला. मग म्हणाला, "आमच्या वेळी इथं अख्खं बोट जायचं." तो १९७० मध्ये हॅमट्रॅमकच्या डॉज मेन कारखान्यात नोकरीला लागला होता, जिथं पहिल्या चॅलेंजर बनल्या. एकोणीस वर्षांचा होता. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पंपावर आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. मी बुशांबद्दल बोललो, तो वेल्डिंगबद्दल. मी मूळचा कुठला हे त्यानं विचारलं, पण शेवटी, आणि ते लेथबद्दल विचारता विचारता आलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते ना, १९९५ पासून, तिथं आता आमच्या दोघांच्या घडीच्या खुर्च्या शेजारी असतात. तो थर्मासमधून काळी कॉफी आणतो, तुझ्या काकू भडंग देतात. त्याला भडंगाचं व्यसन लागलंय.

आता आईला वाचून दाखवायचा भाग.

तुझी कोरोला विकू नकोस. या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. नोव्हेंबर ते मार्च इथं रस्त्यावर मीठ पडतं, आणि मीठ गाडी खातं. तुझ्या अपार्टमेंटला गॅरेज नाही. माझ्या गॅरेजमध्ये एक जागा आहे, ती हिवाळ्यापुरती तुझी. बॅटरीला चार्जर लावून ठेवू, टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध घालू, आणि उंदरांचा बंदोबस्त काकूंकडे.

टायर. २०११ च्या नोव्हेंबरात मी मूर्खपणा केला. हौसेनं उन्हाळी टायर चढवले होते, ते थंडीत दगडासारखे कडक होतात हे मला, रबरात आयुष्य घालवलेल्या माणसाला, सांगायची गरज नव्हती. वर ऐट म्हणून घसरण सावरणारी यंत्रणा बंद केलेली. ६९६ नंबरच्या महामार्गाच्या रॅम्पवर गाडी स्वतःभोवती फिरली आणि गवतावर उभी राहिली, तोंड येणाऱ्या ट्रककडे. आवाज बंद, फक्त वायपर चालू. मी वायपर कधी लावले होते ते अजून आठवत नाही. ती यंत्रणा बंद करायच्या बटणाला पहिलं वर्षभर तू हात लावायचा नाही.

कोणी 'हेलकॅटच घे की' म्हणेल. चॅलेंजरचाच दांडगा प्रकार, ७०७ अश्वशक्ती. तिला दोन किल्ल्या येतात, काळीनं ताकद पाचशेच्या आसपास अडवलेली आणि लालनं सगळी मोकळी. ज्या गाडीला धन्यापासून वाचवायला वेगळी किल्ली लागते ती पंचविशीत घेऊ नये. शिवाय चोरांची ती लाडकी. तुझ्या ३७५ मध्ये सुद्धा वर्षभर पाय हलकाच ठेवावा लागेल. आणि विम्याचा आकडा गाडी घ्यायच्या आधी, चेसिस नंबर देऊन, लेखी मागव. मिशिगनमध्ये तो आकडा बघून भलेभले कोरोलाकडे परत गेलेत. पेट्रोलचं तुला माहीतच आहे, शहरात गॅलनला पंधरा मैल, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरसुद्धा नाही. आईला हा आकडा सांगताना गाडीची डिक्की किती मोठी आहे तेही सांग, तेवढाच आधार. मागच्या सीटबद्दल मात्र गप्प बस. मंडळाच्या गणपतीला एका मावशींना नऊवारीत मागं बसवून नेलं होतं. आत त्या गेल्या, बाहेर काढायला तीन माणसं लागली आणि आरती चुकली.

'डिसेंबर २०२३ मध्ये बनणं बंद झालंय काका, किंमत वाढेल' हे जे तू शेवटी लिहिलंस, ते वाक्य खोडून टाक. पंधरा वर्षं कारखाना चालू होता. साधी आर/टी दुर्मीळ नाही, आणि होणार असेल तर तुझ्या नातवंडांच्या वेळी. गुंतवणूक म्हणून घेशील तर दर मैलाला जीव तुटेल, गाडी पांघरुणाखाली राहील आणि तू कोरोलातून वुडवर्डला येशील. फंडात पैसे टाक, गाडीत नको. नाद म्हणूनच घे, चालवायला घे, आणि तीन वर्षांत फिटेल एवढंच कर्ज काढ. त्यात बसत नसेल तर ही जाऊ दे, दुसरी येते.

चालवताना एक खोडी आढळेल. पहिल्या गिअरमध्ये हळू पाय दिलास की लिव्हर दुसऱ्यात जातच नाही, थेट चौथ्यात ढकलते. बिघाड नाही, कागदावरचं मायलेज सुधारायला कंपनीनंच केलेली सोय आहे. पन्नासेक रुपयांच्या लायकीचा एक जोड लावून लोक ती बंद करतात. मी तशीच ठेवलीय. जरा जोर देऊन निघालं की ती आडवी येत नाही, आणि तेवढंच निमित्त मिळतं.

बघायला जाताना काय बघायचं? मागचे टायर. ते गुळगुळीत आणि पुढचे नवेकोरे असतील तर आधीच्या मालकानं चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढलाय, मग क्लचचंही तेच झालं असणार. टायरवरचे चार आकडे वाच, आठवडा आणि साल. चेसिस नंबर टाकून कंपनीनं गाडी परत बोलावून करायचं (रिकॉलचं) काही काम बाकी आहे का ते बघ. ब्रेक लावताना पुढून 'टक्' वाजलं तर पुढच्या दांड्यांची बुशं गेलीत, ते माझ्यावर सोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन थंड असताना सुरू करायचं. सुरुवातीला टिकटिक येऊन गरम झाल्यावर थांबली तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो, किमतीत तेवढे कमी करून घ्यायचे. गरम झाल्यावरही टिकटिक चालूच राहिली तर लिफ्टर आणि कॅम या इंजिनाच्या पोटातल्या भागांवर शंका, आणि मग आमरस कितीही गोड दिसला तरी आपण चहा पिऊन घरी यायचं.

तेव्हा गाडी विकणाऱ्या त्या माणसाला आज फोन कर. शनिवारी सकाळी आठ वाजता येतो म्हणावं, आणि आम्ही यायच्या आधी गाडी अजिबात सुरू करू नका. मी टॉर्च आणि जुनी सतरंजी घेऊन येतो, खाली झोपून बघायला. मी आधी बॉनेटवर हात ठेवीन. गरम लागलं तर डोळ्यांनी खूण करीन.

काका