'जोव्हियल' आणि 'सॅटर्नाइन' या इंग्रजी शब्दांच्या अर्थात नेमका फरक काय?

गुरू आणि शनी यांच्यात आहे तोच. रोमन लोकांचा जोव्ह, म्हणजेच ज्युपिटर, हा आपला गुरू. त्याच्या अमलाखाली जन्मलेला तो जोव्हियल: मोकळाढाकळा, चार माणसांत रमणारा. सॅटर्न म्हणजे शनी, त्याचा माणूस सॅटर्नाइन. शब्दकोशात 'उदास, खिन्न' असं दिसेल. मला ते कधीच पटलेलं नाही.

माझे बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. मामा इंग्रजीचे प्राध्यापक, आले की घरात हशा. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका बाबांकडेच छापायला होती. मामा प्रूफ बघायला आले, दोन किस्से सांगितले आणि न वाचताच सही करून गेले. बाबांनी भिंतीवरचं पंचांग काढलं. मामांच्याच अक्षरातल्या मजकुरात तारीख बरोबर, पण वार भलताच! बाबांनी चिमट्याने एकेक खिळा उपसला, नवे बसवले, ओळीवरून अंगठा फिरवून पाहिला. मी नववीत होतो, शेजारीच उभा होतो. घरी आल्यावर चकार शब्द नाही.

त्याच लग्नात, भर पंगतीत मामा म्हणाले, "आमचे दाजी म्हणजे अगदी सॅटर्नाइन! हसले तर पाऊस पडायचा." सगळे हसले. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

घरी येऊन मी तो शब्द शोधला, आणि पुढे बरंच वाचलं. गुरूची फेरी बारा वर्षांत होते, शनीला साडेएकोणतीस लागतात. आपणही त्याला शनैश्चर म्हणतो, हळूहळू चालणारा. युरोपातले जुने किमयागार शिशाला सॅटर्न म्हणत, आणि बाबांच्या खिळ्यांत मुख्य धातू शिसंच. संथ, जड, धीराचा माणूस, हा माझ्या लेखी त्या शब्दाचा गाभा आहे.  जोव्हियल माणूस पंगतीला बोलवावा, प्रूफ मात्र सॅटर्नाइन माणसाकडेच द्यावं.

परीक्षेत मात्र माझा अर्थ लिहू नका, 'आनंदी, दिलखुलास' आणि 'खिन्न, गंभीर' असंच लिहा. आजच्या इंग्रजीत सॅटर्नाइन कुणी कौतुकाने म्हणत नाही, आणि तो घडीभराच्या मूडपेक्षा स्वभावाला किंवा चेहऱ्याला लावतात.

मामांच्या अक्षरातला तो कागद माझ्याकडे अजून आहे. चुकलेल्या वाराखाली बाबांची पेन्सिलची रेघ आहे. येत्या भाऊबीजेला मामा आईकडे येतील, तेव्हा तो त्यांच्या हातात देणार आहे.